खाण, शाळा आणि मैदान : गोव्याच्या डेंपो क्लबची कहाणी



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत फुटबॉल क्लबचा इतिहास कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. घरात मूल चेंडू घेऊन बाहेर निघाले की "आधी पुस्तक उघड" असे आपण सगळेच म्हणतो आणि म्हणायलाही हवे. परंतु एखादी संस्था कशी उभी राहते, कोणाच्या आधाराने वाढते, आधार हलला की तिचे काय होते आणि पुन्हा उभे राहायचे तर कशाच्या बळावर, हे प्रश्न शाळेला जसे लागू आहेत तसेच क्लबलाही आहेत. म्हणून आज मी आपणास गोव्यातील डेंपो स्पोर्ट्स क्लबची हकीकत सांगणार आहे.

गोवा आपल्या सिहोऱ्यापासून फार दूर आहे हे खरे. तरीही दोन गोष्टींत तो आपल्याला जवळचा वाटावा. पहिली गोष्ट म्हणजे धान. आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कापणी झाली की मोकळ्या बांध्यांत आपली मुले खेळायला उतरतात. गोव्यातही भात कापून झाले की त्याच शेतांची मैदाने होतात आणि गावागावांचे सामने रंगतात. दुसरी गोष्ट म्हणजे खाण. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचा काळा दगड टॉर्चच्या सेलमध्ये वापरला जातो, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. खाणीच्या पैशाने एखाद्या मुलखाचे रूप कसे बदलते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. गोव्यात खाण लोखंडाची. तिच्या पैशाने तेथे घरे, बोटी आणि बंदरे तर उभी राहिलीच, पण फुटबॉलचे संघही उभे राहिले.

खेळ गोव्यात कसा आला?

गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचे, तेव्हा फुटबॉलही त्यांनीच आणला असेल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात या खेळाची सुरुवात १८८३ साली शिवोली गावी आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंच्या नावाशी जोडली जाते. पुढे हडफडे येथील शाळेशीही त्यांचे नाव जोडले गेले. वर्गात शिकवावे आणि संध्याकाळी मुलांना मैदानात उतरवावे, असा त्यांचा रिवाज. त्या शाळांतून शिकलेली मुले आपापल्या गावी परतली आणि त्यांच्याबरोबर चेंडूही गावोगाव गेला. म्हणजे गोव्याच्या फुटबॉलचे पहिले घर शाळा हेच होय. ही गोष्ट आपण मनात धरून ठेवावी, कारण कहाणीच्या शेवटी आपल्याला पुन्हा तेथेच यायचे आहे.

सातासमुद्रापलीकडे ब्राझीलमध्येही असेच घडले. १८९४ साली चार्ल्स मिलर नावाचा तरुण इंग्लंडमधील शिक्षण आटोपून साओ पाउलोला परतला, तो फुटबॉल घेऊनच. पुढे १९०४ साली रिओ शहराच्या टोकाला बांगू येथील कापडगिरणीतील इंग्रज कर्मचाऱ्यांनी क्लब काढला. गिरणीच्या नावाने ओळखला जाणारा हा क्लब लवकरच साध्या कामगारांचाही झाला. गोवा आणि ब्राझील, दोन्ही एकेकाळी पोर्तुगीजांच्या ताब्यातले. दोन्हीकडे शाळा, कारखाना, खाण यांच्या आसऱ्याने फुटबॉल वाढला.

खाणमालक आणि क्लब

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत गोव्याच्या लोहखनिजाला परदेशातून, विशेषतः जपानमधून, मोठी मागणी आली. डोंगरातून काढलेला लाल दगड मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जने मुरगाव बंदरात जाई आणि तेथून जहाजात चढे. या व्यापारातून साळगावकर, चौगुले, डेंपो अशी घराणी पुढे आली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि या घराण्यांनी केवळ धंद्यापुरते न पाहता समाजजीवनातही लक्ष घातले. डेंपो घराण्याच्या न्यासाने १९६२ साली पणजीत महाविद्यालय सुरू केले. १९६३ साली 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक आणि १९७० साली 'नवप्रभा' हे मराठी दैनिक याच घराण्याने काढले.

मैदानाकडेही असेच लक्ष गेले. साळगावकरांचा संघ १९५६ पासून होता. वास्कोचा क्लब त्याहूनही जुना, १९५१ चा. डिचोली हा खाणींचा तालुका. तेथील एक क्लब साठच्या दशकात डेंपो घराण्याच्या छत्राखाली आला आणि पुढे 'डेंपो स्पोर्ट्स क्लब' या नावाने ओळखला जाऊ लागला. खेळाडूला कंपनीत नोकरी किंवा वेतन मिळू लागले. महिन्याच्या महिन्याला घरात पैसा येतो म्हटल्यावर आईबापांचाही विरोध मावळला. पालकहो, ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मूल खेळते याचे दुःख आपल्याला नसते. ते खेळून पुढे काय खाईल याची काळजी असते. गोव्यातील कंपन्यांच्या क्लबांनी या काळजीला काही अंशी उत्तर दिले.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळली जाणारी रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. त्या काळी या चषकाचा मान मोठा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डेंपोने तो जिंकला आणि गोव्याचे नाव सर्व देशात झाले. पाठोपाठ १९८३-८४ मध्ये गोव्याच्या संघाने राष्ट्रीय संतोष करंडकही पटकावला. लहानसा प्रदेश, लोकसंख्या थोडी, पण बंगाल, पंजाब, केरळ यांच्या पंगतीत जाऊन बसला.

वैभवाची दहा वर्षे

१९९६ साली देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. गोव्याच्या साळगावकर संघाने ती १९९८-९९ मध्ये जिंकली. डेंपोला मात्र वाट पाहावी लागली. २००० च्या सुमारास प्रशिक्षक म्हणून आर्मांदो कुलासो यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांचा भर होता तो एकच संघ वर्षानुवर्षे एकत्र ठेवण्यावर. २००३-०४ मध्ये डेंपो लीगमध्ये दुसरा आला. २००४-०५ मध्ये पहिला आला. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असे आणखी चार वेळा त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. यातील २००७-०८ चे वर्ष हे नव्या आय-लीगचे पहिलेच वर्ष. आठ हंगामांत पाच अजिंक्यपदे! कलकत्त्याचे मातब्बर क्लब समोर असताना हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

या संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याच्या मातीतले खेळाडू होते. ते भारताकडूनही खेळले. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. रँटीने २०११-१२ च्या एकाच लीग हंगामात ३२ गोल केले. हिंदू, ख्रिस्ती, परदेशी, सगळे एकाच रंगाच्या जर्सीत. २००८ साली हा संघ आशियाई पातळीवरील एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे लेबनॉनच्या अस् सफा संघाकडून हार झाली, पण तोवर कोणताही भारतीय क्लब त्या स्पर्धेत इतका पुढे गेला नव्हता.

५ डिसेंबर २००४

या यशाच्या उंबरठ्यावरच क्लबवर एक मोठा आघात झाला. तो सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होणार नाही.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. समोर मोहन बागान. डेंपोकडून ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर खेळत होता. वय अवघे २५. पहिला गोल त्यानेच केला. उत्तरार्धात दुसराही त्यानेच केला. परंतु दुसरा गोल करीत असताना समोरून आलेल्या गोलरक्षकाशी त्याची जोरात धडक झाली आणि तो जागीच कोसळला. चेंडू जाळ्यात गेला होता. गोल करणारा मात्र पुन्हा उठला नाही. सामना डेंपोने २-० असा जिंकला. क्लबच्या इतिहासातील तो एक मोठा विजय, पण त्या रात्री आनंद कोण करणार?

या घटनेनंतर मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेबद्दल देशभर प्रश्न विचारले गेले. रुग्णवाहिका कोठे होती, हृदय बंद पडल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करावे हे कोणाला येत होते, असे ते प्रश्न होते. डेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी पुढे कोणालाही न देण्याचे ठरवले. आणि त्याच हंगामात, पाच-सहा महिन्यांनी, संघाने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली.

बारा वर्षांनी क्रिस्तियानोच्याच देशात याहून भयंकर प्रसंग घडला. दक्षिण ब्राझीलमधील शापेको हे मोठ्या शहरांपासून दूर असलेले गाव. तेथील शापेकोएन्से क्लब १९७३ चा. २००९ साली चौथ्या श्रेणीत खेळणारा हा संघ २०१४ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. अंतिम सामन्यासाठी कोलंबियाला जाताना २८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री विमान कोसळले. ७७ पैकी ७१ जण गेले. त्यांत जवळजवळ सगळा संघ होता. प्रतिस्पर्धी कोलंबियन क्लबने स्वतःहून विनंती केली की करंडक शापेकोएन्सेलाच द्यावा, आणि तो दिला गेला. क्लबने उरलेले खेळाडू, तरुण मुले आणि इतरांनी दिलेले खेळाडू घेऊन नवा संघ बांधला आणि पुढच्याच वर्षी आपल्या राज्याची स्पर्धा जिंकली. हरणाऱ्याचाही मान राखावा, हे त्या कोलंबियन क्लबने शिकवले. उरलेल्या मूठभरांनीही संस्था उभी राहते, हे शापेकोएन्सेने.

उतरती कळा

आता कहाणीचा अवघड भाग. २००९ साली डेंपो घराण्याने आपला खाणीचा व्यवसाय सेसा गोवा कंपनीला १,७५० कोटी रुपयांना विकला. क्लब मात्र ठेवला आणि त्यानंतरही दोन अजिंक्यपदे आली. २०१२ मध्ये बेकायदा उत्खननाच्या चौकशीनंतर गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडल्या. ज्या मुलखाचे अर्थकारणच दगडावर उभे होते, तेथे सर्वांनाच झळ बसली.

त्यातच २०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी, झगमगाटाची स्पर्धा आली. गोव्यासाठी त्यात एफसी गोवा हा नवा संघ निघाला. त्याच्या मालकांत साळगावकर आणि डेंपो घराण्यांतील मंडळीही होती. म्हणजे जुना क्लब चालवणाऱ्या हातांनीच नव्या क्लबलाही आधार दिला. २०१४-१५ च्या हंगामात डेंपोची आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरण झाली. पाच वेळचा विजेता दुसऱ्या श्रेणीत! संघाने पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून परत येण्याचा हक्क मिळवला. परंतु २०१६ च्या मध्यावर राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार असे दिसताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी स्पर्धेतून अंग काढले, आणि डेंपोनेही तेच केले. मैदानावर मिळवलेली जागा कागदावरच्या वादात सोडून द्यावी लागली.

कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका घराण्याच्या किंवा कंपनीच्या आधारावर उभी असलेली संस्था कितीही यशस्वी असो, तिचे भवितव्य शेवटी थोड्या लोकांच्या निर्णयावर अवलंबून असते. प्रेक्षकांना, खेळाडूंना, गावाला त्यात मत नसते.

याउलट कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगकडे पाहा. १८९१ चा हा क्लब कोणा एका कारखान्याचा नव्हता. साध्या लोकांची आपुलकी हेच त्याचे भांडवल. १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली. १९४० साली ड्युरँड चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला आणि त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्सही त्याने नेला. पुढे त्याच्यावरही फार वाईट दिवस आले. खालच्या श्रेणीत गेला, पैशाची ओढाताण झाली. पण लोकांनी नाव टाकले नाही. २०२३-२४ मध्ये आय-लीग जिंकून तो देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये दाखल झाला. अर्थात, नुसत्या आपुलकीवरही भागत नाही. हिशेब आणि व्यवस्था लागतेच. परंतु वाईट काळात संस्था जगवायला आपुलकीच कामी येते.

पुन्हा शाळेकडे

डेंपो मात्र संपला नाही. राष्ट्रीय स्पर्धा सोडल्यावर क्लबने गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहून तरुण मुलांवर भर दिला. आणि त्या मुलांना घडवण्याचे काम कोणाकडे आले? त्याच समीर नाईककडे, जो वैभवाच्या काळात या संघाचा बचाव सांभाळत होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली डेंपो २०२३-२४ च्या आय-लीग दोनमध्ये दुसरा आला आणि २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. त्याचे जुने सोबतीही शिकवण्याकडेच वळले. महेश गवळीने भारतीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम पाहिले, तर क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली ओडिशाच्या संघाने २०२३ मध्ये सुपर चषक जिंकला.

वाचकहो, येथे कहाणीचे वर्तुळ पुरे होते. १८८३ मध्ये एका शिक्षकाने सुरुवात केली होती. वैभव ओसरल्यावर क्लबला पुन्हा उभे केले तेही शिक्षक झालेल्या खेळाडूंनी. भारतीय फुटबॉलचा सर्वांत उज्ज्वल काळ घडवणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हेही पेशाने शिक्षकच. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स जिंकला आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. उस्ताद चांगला असेल तर साधी मुलेही सोने होतात, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आपण काय घ्यावे?

सिहोऱ्यात उद्या कोणी व्यावसायिक क्लब काढील असे मी म्हणत नाही. पण नागपूर रस्त्यावरील कामठीकडे पाहा. १८२१ ची ती छावणी. तेथील रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम फुटबॉल क्लब यांची नावे आपल्या मुलांना परकी नाहीत. आपल्या भागातही हा खेळ रुजलेला आहे.

या कहाणीतून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने एकाच दात्याकडे डोळे लावून बसू नये. मोठ्या देणगीचे स्वागत जरूर करावे, तिचे आभार मानावे. पण दहा-वीस रुपये देणारी शंभर घरे जोडलेली असतील तर संस्था एखाद्या निर्णयाने कोलमडत नाही. दुसरी, शाळेच्या मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरायला शिकलेला एक तरी शिक्षक असावा. क्रिस्तियानो गेला तो मोठ्या शहरातील मोठ्या मैदानावर. मग आपल्या बांध्यांत खेळणाऱ्या पोरांसाठी आपण किती जागरूक असावे! तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. खेळाडूचे पाय पस्तिशीत थकतात, पण शिकलेले डोके थकत नाही. समीर, महेश, क्लिफर्ड हे मैदान सोडल्यावरही उपयोगी ठरले, कारण जे आले ते दुसऱ्याला शिकवण्याइतके त्यांनी समजून घेतले होते.

तेव्हा पालकहो, यंदा धान घरात आल्यावर मुलगा बांधीत चेंडू घेऊन निघाला तर त्याला सरसकट रोखू नका. अभ्यास झाला का, एवढे विचारा. कोणाबरोबर खेळतो ते पाहा. आणि जमले तर एखाद्या संध्याकाळी स्वतः धुऱ्यावर उभे राहून त्याचा खेळ बघा. त्याच्या शिक्षकांनाही सोबत बोलवा. घर आणि शाळा एकाच धुऱ्यावर उभी दिसली, तर त्या मुलाला खेळतानाही बळ येईल आणि अभ्यास करतानाही.